पडल्यावर पाच लाखांचं कार्ड, पडू नये म्हणून एक पाईपही नाही! गावाकडच्या म्हाताऱ्या माणसांच्या घरांचं काय?

विटा : मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावात माझी थोरली चुलती पहाटे चारला उठली आणि परसातल्या संडासाकडं निघाली. वय चौऱ्याहत्तर. रात्री पाऊस झालेला, लाईट गेलेली. मागच्या दाराबाहेर फरशीची एकच पायरी, तिच्यावर शेवाळ. तिथं पाय निसटला तो तिनं सावरला, पण संडासात जाऊन उठताना तोल गेला आणि ती आतच पडली. दार आत उघडणारं. ती दाराला टेकून पडलेली, त्यामुळं बाहेरून ढकलता येईना. काकांनी हाका मारून शेजारची पोरं गोळा केली, त्यांनी बिजागरी उचकटली, तेव्हा कुठं तिला बाहेर काढलं. खुब्याचं हाड मोडलं होतं.

पुढचं आपल्या भागात सगळ्यांना पाठ आहे. गाडी काढली, मिरजेला नेलं. सत्तरी ओलांडलेली असल्यानं आयुष्मानचं कार्ड होतं, ऑपरेशनचा खर्च त्यातून झाला. चुलतभावाचं तमिळनाडूत गलाईचं दुकान आहे. तो अडीच महिने दुकान बंद ठेवून गावात बसला. दिवसाला एक बाई ठेवावी लागली. तीन शेळ्या होत्या, त्या विकल्या. चुलती आता वॉकरवर चालते. माळावर जाणं बंद झालं ते झालंच.

ती घरी आल्यावर आम्ही गावातल्या वेल्डिंगवाल्याला बोलावलं. संडासात आणि मोरीत पाईप, मागच्या पायरीला कठडा, दार उलटं करून बाहेर उघडणारं, दोन बल्ब. मिस्त्रीची मजुरी धरून सगळे मिळून साडेचार हजार रुपये लागले. एक दिवसाचं काम. हेच काम एक महिना आधी केलं असतं तर, हा प्रश्न घरात कुणीच मोठ्यानं विचारला नाही, पण प्रत्येकाच्या मनात होता.

आज लिहायचं ते याच हिशेबाबद्दल. म्हातारं माणूस पडल्यावर आपण आणि सरकार दोघंही खिसा मोकळा सोडतो. पडायच्या आधी मात्र कुणाच्याच वहीत त्या कामाचं पान नाही.

योजना आहेत, पण कशासाठी?

योजनांची कमी नाही, हे आधी प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षांवरच्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्डावर वर्षाला ५ लाखांपर्यंतच्या उपचाराचं संरक्षण आहे. राज्याची मुख्यमंत्री वयोश्री योजना २०२४ साली आली. वय ६५ पूर्ण आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २ लाखांच्या आत असेल तर एकदाच ३ हजार रुपये बँक खात्यावर येतात. केंद्राची राष्ट्रीय वयोश्री योजना २०१७ पासून आहे, तिच्यात शिबिर घेऊन काठ्या, चष्मे, कानाची यंत्रं वाटतात. एसटीत ७५ च्या पुढं फुकट, ६५ ते ७५ अर्धं तिकीट. म्हातारी माणसं त्यामुळं पंढरपूरला, लेकीकडं जाऊन येतात, ही चांगलीच गोष्ट.

पण बारकाईनं बघा. एसटीत बसायला फुकट आहे, घराच्या चार पायऱ्या उतरून स्टँडपर्यंत पोचायचं कसं याची सोय नाही. वयोश्रीच्या यादीत चष्मा, श्रवणयंत्र, काठी, वॉकर, व्हीलचेअर, कमोड खुर्ची, गुडघ्याचा पट्टा अशी साधनं आहेत. म्हणजे माणसाच्या अंगाला लावायच्या किंवा हातात धरायच्या वस्तू आहेत. घराच्या भिंतीला, जमिनीला, दाराला लावायचं काही नाही. व्हीलचेअर मिळते आणि उंबऱ्यापाशी येऊन थांबते. वॉकर मिळतो, आणि संडासाच्या अरुंद दारातून आत शिरत नाही, म्हणून बाहेर ठेवून म्हातारी भिंत धरत आत जाते.

माणूस बदलत नाही, त्याचं वय मागं जात नाही. बदलता येतं ते घर. आणि नेमकं तेच यादीतून सुटलंय.

घरात उरलंय कोण?

२०११ च्या जनगणनेत देशात साठीपुढचे १० कोटी ३८ लाख लोक मोजले गेले, त्यातले शंभरातले एकाहत्तर खेड्यात राहणारे. त्याला आता बरीच वर्षं झाली. पण आपल्या जिल्ह्यात हे बघायला आकडे लागत नाहीत.

खानापूर, आटपाडीच्या गावांतली पिढ्यान्‌पिढ्यांची गलाई. सोन्या-चांदीची आटणी करणारी आपली माणसं केरळपासून पंजाबपर्यंत पसरलेली. शिराळ्याच्या डोंगरी गावांतली कर्ती माणसं मुंबईला. जतमधली अर्धी गावं हंगामात ऊसतोडीला. गावात राहतात ते आई-वडील, आणि कधी कधी फक्त आई.

गंमत अशी की गलाईवाल्यांच्या गावात घरं मोठी मोठी आहेत. बंगला बांधलेला, पुढं खांब, वर स्लॅब, आत आरशासारखी चकचकीत फरशी. पोरगं वर्षातून दोनदा येतं, यात्रेला आणि दिवाळीला. बाकी तीनशे चाळीस दिवस त्या फरशीवरून सत्तरीची दोन माणसं अनवाणी चालतात. फरशीवर पाण्याचे चार थेंब सांडले तर दिसत नाहीत. जुन्या घरातली शेणानं सारवलेली जमीन निदान पायाला धरून ठेवायची. मी काही जुनं सगळं चांगलं म्हणणाऱ्यातला नाही, जुन्या वाड्यातला तो अंधारा जिना आणि गुडघ्याएवढा उंबरा यांनी कमी माणसं पाडलेली नाहीत. पण फरशी निवडताना दुकानात आपण चकाकी बघतो, ओल्या पायाखाली ती कशी लागते हे बघत नाही, एवढं खरं.

कृष्णाकाठचा प्रकार आणखी वेगळा. पलूस, वाळवा, मिरज तालुक्यातल्या नदीकाठच्या गावांनी २००५, २०१९, २०२१ असे महापूर बघितले. त्यानंतर नवं घर बांधणारा माणूस जोतं उंच घेतो. बरोबरच आहे ते. पण जोतं तीन फूट गेलं की सहा पायऱ्या आल्या, आणि पैसे संपत आलेले असतात म्हणून त्या पायऱ्यांना कठडा राहून जातो. 'नंतर बसवू' म्हणतात. पुरापासून वाचायला उंच केलेलं घर गुडघे गेलेल्या माणसाला कैदखाना होतं. माणूस खाली उतरायचाच बंद होतो. मग देवळात जाणं बंद, पारावर बसणं बंद, आणि सहा महिन्यांत पायातली उरलीसुरली ताकदही जाते.

सगळ्यात आधी संडास आणि मोरी

आता कामाचं बोलू. सगळं घर उकरायची गरज नाही. रात्री अंथरुणापासून संडासापर्यंतची वाट आणि आंघोळीची जागा, एवढं जरी नीट केलं तरी मोठा धोका कमी होतो.

स्वच्छ भारतमध्ये १२ हजारांचं अनुदान घेऊन आपल्याकडं घरोघरी संडास झाले. बहुतेक परसात, घरापासून दहा-वीस पावलांवर, चार फूट बाय तीन फुटांचे, उकिडवं बसायचं भांडं. गुडघे दुखणाऱ्या माणसाला उकिडवं बसता येतं, उठताना अडचण येते. धरायला काही नसतं. मग हात जातो नळाच्या तोटीला किंवा दाराच्या कडीला, आणि तोटी हातात येते.

उपाय म्हणजे पाईप. पण कसला आणि कसा, हे नीट ऐका, कारण चुकीचा बसवलेला पाईप नसलेल्यापेक्षा वाईट. त्याच्या भरवशावर माणूस सगळं वजन टाकतो. टॉवेल अडकवायची दांडी म्हणजे आधाराचा पाईप नव्हे, ती झटक्यात निघते. पाईपची बाहेरची जाडी ३२ ते ४० मिलिमीटर असावी, असं केंद्राच्या अडथळामुक्त बांधकामाच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. साध्या भाषेत, हार्डवेअरच्या दुकानात एक इंची जीआय पाईप म्हणून मिळतो त्याची बाहेरची जाडी ३४ मिलिमीटरच्या आसपास भरते, तो मुठीत बरोबर बसतो. दोन इंची पाईप मजबूत दिसतो, पण म्हाताऱ्या हातात मावत नाही, पकड सुटते. भिंत आणि पाईप यात दोनेक इंच अंतर ठेवा. जास्त ठेवलं तर हात मधे अडकून मोडतो.

पाईप किती उंचीवर? पुस्तकातलं माप बाजूला ठेवा. ज्याच्यासाठी बसवायचा त्या माणसाला आत नेऊन, कपड्यासकट, एकदा बसवा आणि उठवा. उठताना त्याचा हात आपोआप जिथं जातो तिथं खडूनं खूण करा. तिथंच पाईप. काका आणि काकीची उंची वेगळी असेल तर दोन खुणा.

भिंत कसली आहे ते मिस्त्रीला आधी विचारा. पक्क्या विटेच्या भिंतीत लोखंडी अँकर बोल्ट चालतो. भिंतीत ठोकायच्या प्लास्टिकच्या गिट्टीत स्क्रू पिळून भागवू नका. मातीची भिंत असेल, चार इंची कमकुवत भिंत असेल किंवा पत्र्याचा संडास असेल तर भिंतीला हातच लावू नका. जमिनीत खड्डा काढून, काँक्रीट भरून, उलट्या यू आकाराचा पाईप उभा करा. सुकू द्या. मग घरातल्या दोन दांडग्या पोरांना तो पूर्ण जोरानं ओढायला सांगा. हलला नाही तरच म्हातारीच्या हातात द्या.

उकिडवं बसणं अगदीच होत नसेल तर कमोड खुर्ची भांड्यावर ठेवता येते. वयोश्रीच्या तीन हजारांत ती बसते, त्या पैशाचा हा एक चांगला उपयोग आहे. खरेदीची पावती मात्र जपून ठेवा. खुर्चीच्या पायांचे रबर झिजले की ओल्या फरशीवर ती घसरते, त्यामुळं अधूनमधून उलटी करून बघा. दुसरा मार्ग म्हणजे भांड्याच्या दोन्ही बाजूंनी विटांचा दीड फुटाचा कट्टा बांधून त्यावर कमोडचं प्लास्टिक सीट बसवणं. गवंड्याचं अर्ध्या दिवसाचं काम.

पुण्या-मुंबईची पोरं आली की म्हणतात, सरळ इंग्लिश कमोड बसवून टाकू. बसवा, पण आधी दोन गोष्टी बघा. गावातलं भांडं खोल उताराचं असतं, दीड-दोन लिटर पाण्यात साफ होतं. टाकीवाला कमोड एका वेळी त्याच्या तिपटीपेक्षा जास्त पाणी ओततो. जत-आटपाडीत उन्हाळ्यात ते पाणी आणायचं कुणी? आणि आपल्या दोन शोषखड्ड्यांच्या संडासात एवढं पाणी रोज गेलं तर काळ्या रानात खड्डा तुंबतो. कमोड बसवायचाच तर टाकी न जोडता बादलीनं पाणी टाकायची सवय ठेवा.

दाराचं तर मी वर सांगितलंच. संडासाचं आणि मोरीचं दार बाहेर उघडलं पाहिजे. बिजागरी आणि कडी बदलायची, बस्स. आतली कडी अशी घ्या की वेळ पडली तर बाहेरूनही सरकवता येईल. तेही जमत नसेल तर कडी न लावता नुसतं दार लोटून घ्यायची घरात रीत पाडा, बाहेर टॉवेल टाकला की आत कुणीतरी आहे असं समजायचं.

मोरीत पाटावर बसून आंघोळ करायची सवय मोडवत नाही, पण सत्तरीनंतर पाट नको. दीड फूट उंचीचा सिमेंटचा कट्टा भिंतीला लागून बांधा. प्लास्टिकची हलकी खुर्ची ओल्या फरशीवर पाय फाकवते, तिच्यावर विसंबू नका. मोरीतली फरशी गुळगुळीत असेल तर ती फोडायच्या ऐवजी वरून खरबरीत सिमेंटचा पट्टा ओढून घेता येतो. आणि बंबातलं उकळतं पाणी बादलीत भरून आतपर्यंत उचलून नेणं म्हाताऱ्या माणसाकडं ठेवू नका. पडणं आणि भाजणं दोन्ही एकाच वेळी होतं.

वाट, उजेड, पायरी

परसातल्या वाटेवर मुरूम टाकला तर चिखल होतो, फरशी टाकली तर शेवाळ धरतं. शिराळ्याकडं तर चार महिने सगळंच हिरवं. साधं काँक्रीट करून ते ओलं असताना झाडूनं रेघा ओढल्या की पायाला पकड मिळते. मृगाच्या आधी ब्लिचिंग पावडर टाकून तारेच्या ब्रशनं घासून घ्या. आणि घराच्या मागच्या दारापासून संडासापर्यंत कमरेएवढ्या उंचीवर एक पाईप किंवा निदान घट्ट ताणलेली तार-दोरी नेली तर डोळ्यानं कमी दिसणाऱ्या माणसालाही रात्री वाट सापडते.

उजेडाचा खर्च तर हास्यास्पद वाटावा इतका कमी आहे. अर्ध्या वॅटचा झिरोचा एलईडी बल्ब रात्रभर जळला तरी महिन्याला युनिटही पडत नाही. एक झोपायच्या खोलीत, एक वाटेत. संडासात चार्जिंगचा बल्ब लावा, लाईट गेली की तो चालू राहतो. बटण अंथरुणावरून हात पोचेल इथं. दारात उभं राहून अंधारात बटण चाचपडणारी माणसं उंबऱ्याला ठेचाळतात.

उंबरा काढा म्हणून मी सांगणार नाही, त्यावर हळद-कुंकू वाहिलं जातं. त्याच्या कडेला पिवळ्या रंगाचा ठळक पट्टा ओढा, म्हणजे मोतीबिंदूच्या डोळ्यालाही तो दिसेल. पायऱ्यांच्या कडांनाही तसाच.

पुढच्या दारी रॅम्प करावा का, असं बरेच जण विचारतात. सूचनांप्रमाणं रॅम्पचा उतार एकास बारा हवा. म्हणजे जोतं दोन फूट असेल तर रॅम्प चोवीस फूट लांब. गावठाणात एवढी जागा कुणाच्या दारात आहे? मग आपण मोटारसायकल चढवायला जो खडा उतार केलेला असतो, त्यावरूनच म्हातारी माणसं चालतात आणि तिथंच घसरतात. जागा नसेल तर रॅम्पचा नाद सोडा. सहा इंच उंचीच्या आणि फूटभर रुंदीच्या सारख्या पायऱ्या, आणि दोन्ही बाजूंना कठडा. दोन्ही बाजूंना यासाठी, की अर्धांगवायू झालेल्या माणसाचा एकच हात चालतो. चढताना तो एका बाजूला असतो, उतरताना दुसऱ्या.

बाकीचं थोडक्यात. खाट गुडघ्याएवढी उंच हवी, झोळ पडलेली बाज नको. गोणपाटाची पायपुसणी उचला. झोपायची खोली वरच्या मजल्यावर असेल तर खाली आणा, पोराची 'मास्टर बेडरूम' वर्षभर कुलपात ठेवून बापाला जिना चढायला लावण्यात काय अर्थ आहे? आणि मोबाईल. पडायच्या वेळी तो नेमका चार्जिंगला असतो. साधा बटणाचा मोबाईल गळ्यात पिशवीत घालून द्या. आंघोळीला जाताना तोही दाराबाहेर काढून ठेवला जातो, म्हणून मोरीत जमिनीपासून फूटभर उंचीवर हात पोचेल अशी दोरी आणि तिला बाहेर घंटा. गोठ्यातली घुंगरं चालतील.

याचा खरंच उपयोग होतो का?

होतो, आणि याचा पुरावा आहे. न्यूझीलंडमध्ये तारानाकी नावाच्या भागात साध्या घरांमध्ये असं काम करून बघितलं. पायऱ्यांना कठडे, न्हाणीघरात आधाराचे पाईप, बाहेर दिवे, पायऱ्यांच्या कडा ठळक, घसरत नाही असा पृष्ठभाग. अर्ध्या घरांत आधी काम केलं, अर्ध्या घरांत नंतर, आणि मधल्या काळात दोन्हींची तुलना केली. घरात पडून दवाखान्यात जावं लागणाऱ्या दुखापती २६ टक्क्यांनी कमी झाल्या. २०१५ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं. काम केलं ते गावच्या सुतार-मिस्त्रीसारख्या कारागिरांनीच.

जपाननं तर २००० सालापासून याला विम्यात बसवलंय. आधाराची गरज असल्याचं प्रमाणित झालेल्या म्हाताऱ्या माणसाच्या घरासाठी २ लाख येनपर्यंतचं काम मान्य होतं, त्यातला दहा ते तीस टक्के वाटा घरच्यांचा. यादीत काय आहे? आधाराचे पाईप, उंबरे-पायऱ्या काढणं, न घसरणारी जमीन, दार बदलणं, आणि उकिडव्या भांड्याच्या जागी बसायचा कमोड. आपलंच परस बघून यादी केल्यासारखी वाटते. जपानमध्येही जुनी घरं उकिडव्या संडासाचीच होती.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी ६ लाख ८४ हजार माणसं पडून दगावतात, त्यात ८० टक्क्यांहून जास्त आपल्यासारख्या कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतली. 'वय झालं होतं, पडायचं निमित्त झालं' असं म्हणून आपण ते पान उलटतो.

मग अडतं कुठं?

पैशावर अडतं असं मला वाटत नाही. निदान निम्म्या घरांत तरी नाही. ज्या घरात चाळीस हजारांचा टीव्ही आहे तिथं साडेचार हजारांचा पाईप बसलेला नसतो.

एक तर म्हातारी माणसंच नको म्हणतात. चुलतीला दोन वर्षांपूर्वी मी हेच सुचवलं होतं. ती म्हणाली, "मला काय धाड भरलीया? अजून शेळ्यामागं माळ पालथा घालतीया." पाईप बसवला म्हणजे आपण म्हातारं झाल्याचं गावाला कळलं, असं त्यांना वाटतं. तिथं वाद घालून उपयोग नाही. 'तुझ्यासाठी नाही, पाहुणं येत्यात, आक्काचा गुडघा दुखतो, तिच्यासाठी' असं म्हणून बसवून टाका. वापरायला सगळेच लागतात.

दुसरं, घराचे निर्णय फोनवर होतात. पोरगं लांब, त्याला घर आठवतं ते दिवाळीतलं, झगमगाटातलं. पहाटे चारला पावसात परस कसं दिसतं हे त्यानं कित्येक वर्षांत बघितलेलं नसतं. गावाकडं आलात की एक रात्र टॉर्च न घेता आईच्या खोलीतून संडासापर्यंत जाऊन या. मोबाईलचा उजेडही नको.

तिसरी गोष्ट बोलायला अवघड आहे. सासू पडली की दुखणं सुनेच्या अंगावर येतं. अंथरुणातल्या माणसाचं सगळं करायचं असतं तिनंच. पण पाईप बसवायचा की नाही हे ठरवताना तिला कुणी विचारत नाही. बचत गटातल्या बायकांनी हा विषय हातात घेतला तर वेल्डिंगवाल्याला एकाच वेळी दहा घरांचं काम देऊन भाव पाडून घेता येईल, असं मला वाटतं.

घरकुलाचं काम चालू आहे, आत्ताच बोला

आता सगळ्यात तातडीचं. प्रधानमंत्री आवास योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात फेब्रुवारी २०२५ मध्ये राज्यातल्या २० लाख कुटुंबांना घरकुलाची मंजुरीपत्रं दिली गेली. गावागावात जोती उठलेली दिसतायत. २५ चौरस मीटरचं छोटं घर, सपाटीच्या भागात केंद्र-राज्याचे १ लाख २० हजार, संडासाचे १२ हजार वेगळे. यातली कितीतरी घरं म्हाताऱ्या माणसांच्या नावावर आहेत.

बांधकाम चालू असताना भिंतीत पाईपसाठी लोखंडी पट्टी गाडून घ्यायला जवळजवळ काहीच लागत नाही. संडासाचं दार सहा इंच जास्त रुंद ठेवायला, ते बाहेर उघडणारं करायला, मोरीत खरबरीत फरशी घ्यायला जास्तीचा खर्च नगण्य आहे. प्लास्टर आणि फरशी झाल्यावर हेच काम फोडाफोडीचं होतं. हप्ता काढायला फोटो काढायला येणाऱ्या गृहनिर्माण अभियंत्याला त्याच वेळी विचारा, आमच्या घरात साठीपुढचं माणूस आहे, नकाशात एवढं बसवून द्या. नियमात त्याला मनाई नाही. पंचायत समितीनं ज्येष्ठ लाभार्थ्यांसाठी एक साधा नमुना नकाशा काढून प्रत्येक ग्रामपंचायतीत चिकटवला तर काम आणखी सोपं होईल. ही मागणी तालुक्याच्या पातळीवर व्हायला हवी, एकट्या लाभार्थ्यानं नव्हे.

ग्रामपंचायतीच्या हातातही आज एक गोष्ट आहे. स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करणं तिच्यावर बंधनकारक आहे. पक्षाघात, कंपवात, अधू डोळे, गेलेले कान असलेल्या कितीतरी म्हाताऱ्या माणसांना ४० टक्क्यांचं दिव्यांग प्रमाणपत्र मिळू शकतं, पण ते 'वयाचं दुखणं' म्हणून कुणी काढतच नाही. प्रमाणपत्र असेल तर या निधीतून मोरी-संडासातल्या पाईपची मागणी लेखी करता येते. बऱ्याच गावांत हा पैसा वर्षाअखेरीस घाईघाईनं काहीतरी वाटून संपवला जातो, किंवा पडून राहतो. १ ऑक्टोबरला ज्येष्ठ नागरिक दिनी शाल-श्रीफळ देऊन फोटो काढणाऱ्या सरपंचांनी श्रीफळाबरोबर दोन फुटांचा पाईपही द्यावा, असं मी एका कार्यक्रमात बोललो होतो. लोक हसले. मी चेष्टेनं बोललो नव्हतो.

येत्या ग्रामसभेत एवढंच विचारा : ५ टक्के निधी यंदा किती जमला, किती खर्च झाला, कशावर झाला. ग्रामपंचायतीच्या, रेशन दुकानाच्या आणि देवळाच्या पायऱ्यांना कठडा कधी बसणार. उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या. आणि ज्यांचं घरकुल प्लास्टरला आलंय, त्यांनी ग्रामसभेची वाट न बघता आजच मिस्त्रीला फोन लावा.